तात्यासाहेबांचा डावा कान

जेमतेम एक कान काढून झाला होता, आणि बापूसाहेबांची जीप शाळेच्या फाटकात शिरली.

शेजारच्या फळ्यावर संजय टोणपेचे तात्यासाहेब पागोट्यासकट तयार होते. पलीकडच्या फळ्यावर शफीक मुल्ला त्याच्या तात्यासाहेबांच्या मिशीला शेवटचा पीळ देत होता. आणि मधल्या माझ्या फळ्यावर काय, तर रंगीत खडूनं काढलेला एकच डावा कान. आजूबाजूला सगळा काळाकुट्ट अंधार.

“हेमे, अगं काय हे!” शफीक हळूच म्हणाला. “तुझ्या तात्यासाहेबांना नुसतं ऐकू येतंय की गं. बघायला, बोलायला काहीच दिलं नाहीस.”

एरवी मी खडू फेकून मारला असता. पण त्या दिवशी माझं सगळं लक्ष त्या जीपकडे होतं.

आम्ही तिघं एकाच वर्गातले. चित्रकला शिक्षकाची पदविका, म्हणजे ए.टी.डी., एकत्रच पास झालेलो. निरोपाच्या दिवशी आमचे प्राचार्य म्हणाले होते, “मुलांनो, शाळा तुमची वाट बघताहेत.” बघत असतील बिचाऱ्या, पण दारं लावून घेऊन बघत होत्या. चित्रकलेच्या जागा निघायच्याच नाहीत. निघाली एखादी, तर ती निघायच्या आधीच भरलेली असायची. मग जो तो मिळेल त्या रंगाला लागला. शफीक ट्रकच्या नंबरप्लेटी रंगवायचा. त्यानं काढलेला मोर बघायला लोक ढाब्यावर जेवण टाकून उठायचे. टोणपे लग्नाच्या मांडवात थर्माकोलची नावं कापायचा. शेकडो नवरानवरींची नावं कापली, त्याचं स्वतःचं काही जमेना. एकजण बेकरीत केकवर गुलाब काढायचा. आमच्यात जी पहिली आली होती, ती विमा विकायची.

मी वडिलांच्या शिवणाच्या दुकानात ब्लाउजच्या पाठीवर नक्षी काढून द्यायची. माझ्या वडिलांना, आण्णांना, भारी हौस. मी पास झाले त्याच आठवड्यात त्यांनी माझ्याकडूनच एक पाटी रंगवून घेतली: ‘कु. हेमलता दिनकर खटावकर, कलाशिक्षिका’. दारावर ठोकली पण. नोकरी मागून येईल, पाटीला उशीर कशाला, असा त्यांचा हिशोब. नोकरी काही आली नाही. पाटीचा रंग उडाला, तो मी दुसऱ्यांदा दिला. गल्लीतल्या बायका विचारायच्या, “काय गं हेमा, शाळा कुठली तुझी?” जीव नकोसा व्हायचा.

शेवटी आण्णाच म्हणाले, “हेमा, निंबरगावची जागा निघालीय. तुझीच शाळा. ही मिळाली तर सोनं. नाहीतर सोमवारपासनं जयसिंगपूरला मामाच्या साडीच्या दुकानात बस. पाटी मी काढतो.” पाटी काढतो म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला ती नोकरी मिळालीच पाहिजे होती, दुसरं काही सुचत नव्हतं.

तर मुलाखतीचा दिवस. आमच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणजे फळा. पंधरा ऑगस्टला झेंडा काढा, गुरुपौर्णिमेला गुरू काढा, कुणी मंत्री येणार म्हटलं की मंत्री काढा. आणि संस्थापक तात्यासाहेब इंगवले यांच्या जयंतीला व्हरांड्यातल्या मोठ्या फळ्यावर रंगीत खडूनं तात्यासाहेब काढा. दुसऱ्या दिवशी शिपाई ओल्या फडक्यानं पुसायचा. त्यामुळे संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब, तात्यांचे पुतणे (तात्या गेले तेव्हा पाळण्यातले), यांनी मुलाखतीचा विषय चुटकीसरशी मिटवला.

“प्रश्नबिश्न कशाला इचारायचं? तात्या काढा. ज्याचे तात्या फक्कड, त्याला नोकरी. आज आपल्या आक्का येणारेत. निवड त्याच करतील.”

आक्का म्हणजे तात्यासाहेबांच्या पत्नी. तात्या गेल्यापासून त्या गडहिंग्लजला लेकीकडे राहत होत्या. नवी इमारत झाली, हॉल झाला, हॉलमध्ये तात्यांचं तैलचित्र लागलं, ह्यातलं त्यांनी काहीच बघितलेलं नव्हतं. बापूसाहेब त्यांना आणायला जीप घेऊन गेले, आणि जाताना ते तैलचित्र उतरवून व्हरांड्यात आमच्यासमोर खुर्चीवर ठेवायला सांगून गेले. हार घालून.

चित्राशेजारच्या खुर्चीत तज्ज्ञ म्हणून म्हेत्रेसर बसले होते. तेच आमचे जुने ड्रॉइंग मास्तर, आता निवृत्त होणार होते, म्हणून तर जागा. ते तैलचित्रही त्यांनीच नोकरीला लागल्या लागल्या काढलेलं. भर उन्हाळ्यात सर कानाला मफलर गुंडाळून बसले होते.

“सर, बरं नाही का?” मी विचारलं होतं.

“कानाला वारं लागतंय गं. तू काढ, तू काढ.”

म्हेत्रेसरांनी आम्हाला शिकवलेलं, माणसाचा चेहरा काढताना आधी कान काढा. तोंड क्षणाक्षणाला बदलतं, कान कधी खोटं बोलत नाही. म्हणून मी कानापासून सुरुवात केली. आता तात्यासाहेबांचा डावा कान म्हणजे साधासुधा कान नाही. वरच्या कडेचा एक तुकडा तुटलेला. बेचाळीसच्या चळवळीत पोलिसांच्या लाठीनं तुटला, असं शाळेत सगळ्यांना तोंडपाठ. मी स्वतः पाचवीत त्या कानावर भाषण करून कंपासपेटी मिळवली होती.

इतकी वर्षं ते चित्र हॉलमध्ये उंचावर, हाराच्या मागं. आज पहिल्यांदा डोळ्यासमोर, उजेडात. मी बघून बघून कान काढला. तुटकी कड काढली, पाळीचा गोलवा काढला, पाळीवरचा बारका मस काढला. आणि हात थबकला. हा कान मी आधी काढलेला होता. एकदा नाही, कितीदा तरी.

आठवीत एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी करताना मॉडेल कुठून आणायचं, म्हणून म्हेत्रेसर स्वतःच स्टुलावर बसायचे. “काढा माझा कान. लहानपणी बोकडानं खाल्लाय, तेवढा भाग सोपा जाईल.”

मी मान वळवली. सरांनी मफलर आणखी घट्ट केला.

ज्या तात्यासाहेबांच्या पाया पडून आम्ही दहावीच्या परीक्षेला गेलो, ते म्हेत्रेसर होते! नाक सरांचं, कपाळ सरांचं, मिशीसुद्धा सरांचीच. ते हुबेहूब काढावं, तर आता मला हसू आणि रडू एकदम येत होतं. न काढावं, तर नोकरी गेली. त्या घोळात जीप आली.

बापूसाहेबांनी आक्कांना हाताला धरून उतरवलं. लहानखुऱ्या, काठीएवढ्या बाई. नऊवारी, तोंडात एकही दात नाही, पण आवाज खणखणीत. त्या टोणपेच्या फळ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

“ह्यो कोण रं बापू?”

“कोण म्हंजे? आक्का, तात्या!”

“कुणाचं तात्या?”

बापूसाहेब हसले. हेडमास्तर हसले. म्हातारीला दिसत नसेल, असं सगळ्यांनी धरलं. आक्का शफीकच्या फळ्याकडे गेल्या.

“हितं बी त्योच बाप्या. आरं कोण हाय ह्यो?” मग त्यांचं लक्ष खुर्चीवरच्या तैलचित्राकडे गेलं. “आगं बया! ह्याला तर हार घातलाय! बापू, परक्या माणसाला माझ्या नवऱ्याच्या शाळेत हार घालतासा व्हय रं?”

बापूसाहेबांनी तैलचित्राकडे बोट केलं. “आक्का, नीट बघा. तो कान बघा. पोलिसांच्या लाठीनं...”

“कसली लाठी? ह्यांचं दोन्ही कान धड हुतं. बेचाळीसात तर ह्ये नांदणीला आमच्या माहेरी आंबं खात बसल्यालं. दीड महिना हाललं न्हाईत.”

हेडमास्तरांनी पोरांना वर्गात पिटाळलं. पोरं खिडकीला लोंबकळली. म्हेत्रेसर मफलरात इतके आत गेले, की फक्त चष्मा दिसत होता. आणि आक्का माझ्या फळ्यापुढं आल्या.

“ह्यो कुणाचा कान?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी एकदा सरांकडे बघितलं. त्या चष्म्यामागचे डोळे बघवेनात.

“अजून ठरलं नाही आक्का,” मी म्हणाले. डस्टर उचललं आणि कान पुसून टाकला. “तुम्ही सांगा, मी काढते. कसे होते तात्यासाहेब?”

आक्का खुर्ची ओढून बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणी हे विचारत असावं.

“काढ. डोळं भाईर आल्यालं. बेडकागत.”

“आक्का!” बापूसाहेब कळवळले.

“तू गप. नाक म्हंजे बटाटा. मिशा न्हाईत. एकदा ठेवल्यात्या, मी म्हटलं झुरळ बसल्यागत दिसतंय, तवापासनं काढल्या. गाल ह्यो असा फुगल्याला, डावा. तंबाकूची गोळी.”

“असा?”

“जरा आणि फुगीव. हां. हनवटी नुसती नावाला.”

“आणि हसताना कसे दिसायचे?”

“हसायचं न्हाईत. हसू आलं की नाक चोळायचं. पोरं हसतील, शिस्त जाईल म्हणून. मला तेवढं कळायचं.”

मी नाक चोळणारा हात काढला. बोटांच्या मागं दाबलेलं हसू काढलं. खडू हातात वितळत होता, मला कुणी दिसत नव्हतं. असं चित्र मी त्याआधी कधी काढलं नव्हतं, हे मी आज बिनदिक्कत सांगते. मागं वळले, तर आक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला होता आणि खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या.

“आलं बघा,” त्या एवढंच म्हणाल्या. आणि हुंदका आला तो दाबायला त्यांनी नाक चोळलं. नवऱ्याचीच सवय.

शफीक मला कोपरानं ढोसून म्हणाला, “हेमे, तुझी पाटी पक्की झाली.” मलाही तेच वाटलं. आण्णांचा चेहरा डोळ्यासमोर आला.

पण बापूसाहेब एकदा फळ्याकडे आणि एकदा तैलचित्राकडे बघत होते. त्यांच्यापुढं मोठाच पेच. ती मिशी लेटरहेडवर छापलेली. तो कान शाळेच्या गीतात, दुसऱ्या कडव्यात. पुढच्या जयंतीला पुतळा बसणार, त्याच्या साच्यात तो कान.

“म्हेत्रेसर,” ते हळू पण कडक आवाजात म्हणाले, “मग तुम्ही एवढी वर्षं आम्हाला हे कोण दिलंय?”

सरांचा चष्मा हलला. निवृत्तीला थोडे दिवस उरलेले, निम्मी शाळा खिडकीशी जमलेली. म्हटलं, आता हे मफलर सोडणार आणि सगळं सांगून मोकळे होणार. तसलाच माणूस तो, खोटं जमायचं नाही.

“साहेब,” मीच बोलले, “दोन्ही चित्रं बरोबर आहेत. ते संस्थापकांचं आहे. हे आक्कांच्या नवऱ्याचं.”

बापूसाहेबांचा चेहरा हळूहळू उजळला. “वा! वा पोरी! झ्याक बोललीस!” त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “म्हंजे संस्थापक वायला, नवरा वायला. मिटलं की! आक्का, पटलं न्हवं?”

“मला माझा घावला,” आक्का म्हणाल्या. “तुमचा तुमी ठेवा.”

“फक्कड. मग आता निकाल.” बापूसाहेबांनी घसा साफ केला. “पोरगी हुशार हाय. हात बी गोड हाय. पण बाळ, शाळेला संस्थापक काढणारा मास्तर पायजे. नवरा काढणारी घेऊन आमी काय करू? टोणपे, तुम्ही सोमवारपासनं या.”

झालं. माझ्याच वाक्यानं माझी नोकरी गेली. आक्का बापूसाहेबांवर खूप ओरडल्या, पण निवड करायला बोलावलेल्या आक्का आता ‘वय झालंय हो’ झाल्या होत्या. टोणपे खाली मान घालून “सॉरी हेमा” म्हणाला. त्याची काय चूक? त्यानं बिचाऱ्यानं दिलं ते काढलं.

मी मागच्या नळावर खडूचे हात धूत उभी राहिले आणि चांगली भोकाड पसरून रडले. म्हेत्रेसर आले. मफलर हातात होता.

“कान ओळखलास ना?”

“हो सर.”

“बोलली का नाहीस? नोकरी मिळाली असती.”

“आणि तुम्ही?”

सर कठड्यावर बसले. “तात्यांचा फोटो दिला होता तो काडेपेटीएवढा. त्यात पागोटं तेवढं स्पष्ट. उद्घाटन चार दिवसांवर. चेहरा आणू कुठनं? घरात आरसा होता.”

मला रडता रडता हसू फुटलं. “सर, पण कान तरी अख्खा काढायचा!”

“काढणार होतो गं. पण तो इतका चांगला आला...” सर ओशाळून म्हणाले. “चांगला आलेला कान पुसवत नाही. तू पुसलास. मोठी झालीस.”

पुढच्या सोमवारी टोणपे शाळेत रुजू झाला आणि मी मामाच्या साडीच्या दुकानात. आण्णांनी पाटी काढली नाही. म्हणाले, खिळा गंजलाय, निघत नाही. मला ठाऊक होतं, त्यांनी ओढून बघितलाच नव्हता.

आठ-पंधरा दिवस गेले असतील नसतील, एक म्हातारी दुकानात आली. साडी नको म्हणाली. “तू नवरं काढतीस म्हणं. आक्का सांगत हुत्या. माझ्या मालकांचा फोटू न्हाई. सांगते, काढ.” तिच्या मागून दुसरी आली. मग एक शेतकरी त्याच्या आईसाठी आला. आई गेली तेव्हा तो एवढासा होता, तिच्या बांगड्या आणि हातावरचं गोंदण एवढंच आठवत होतं. मी हातच काढला. तो उराशी धरून घेऊन गेला. मामा आधी चिडला, मग त्याच्या लक्षात आलं, की नवरा काढून होईपर्यंत सोबतच्या बायका दोन-दोन साड्या घेतात. त्यानं मला खिडकीजवळची गादी दिली, वर पंखा लावला. शाळेत मी एक दिवस शिकवलं नाही. पण ह्या मुलखात फोटो न काढता गेलेली माणसं फार, आणि आता ती माझ्याकडूनच घरी जातात.

म्हेत्रेसर गेले, त्याच्या पुढच्या वर्षी त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, दुकानात आल्या. गादीवर टेकल्या.

“ह्यांचं एक काढून दे. फोटो आहेत, पण सगळ्यांत पाठमोरे. कायम कशावर तरी ओणवे. निरोपसमारंभाचा फळासुद्धा ह्यांनीच रंगवला. आणि हार कमी पडले म्हणून नुसताच नारळ दिला.”

सरांना मी काय विचारून काढायचं? तरी रीत म्हणून विचारत गेले. कपाळ मोठं, त्यावर कायम रंगाचा डाग. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मिशी झुपकेदार. सगळं झालं, डावा कान राहिला. तो मी डोळे मिटून काढला असता. पेन्सिल टेकवली, तेवढ्यात काकूंनी माझं मनगट धरलं.

“तो अख्खा काढ.”

“अख्खा? काकू, पण सरांचा तर...”

“बोकडानं खाल्लेला होता. मला सांगतेस? जन्मभर त्या कानाशी भांडले मी.” त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. “अगं, भिंतीवर लावणार मी हे. येणारे-जाणारे बघतील. उद्या कुणी म्हणेल, हा कान कुठं तरी बघितलाय.”

“काकू, तुम्हाला ठाऊक होतं?”

“मग आरसा कोण धरून बसलं होतं? भिंतीला खिळा नव्हता आमच्या.” काकू हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. “दर जयंतीला जाते मी. मागच्या बाकावर बसते. बॅण्ड वाजतो, पोरं पाया पडतात, हा एवढा झेंडूचा हार पडतो. साऱ्या नोकरीत ह्यांना कुणी साधं फूल दिलं नाही. आता मिळतोय तो हार बंद पडायला नको. तू अख्खा काढ.”

माझ्याकडे येणारी बाई सांगेल तसंच मी काढते, एक रेघ इकडची तिकडं करत नाही. मी सरांचा डावा कान अख्खा काढला. पाळी काढली, मस काढला, वरची कड सबंध गोल फिरवून आणली. काकूंनी कागद उजेडाकडे धरला.

“चांगला आलाय,” म्हणाल्या.

खरंच चांगला आला होता.